एलामानची तारीख

यादी सर्वांसाठी खुली आहे, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला एकदा आमच्या भागातल्या न्यायालयाच्या बोर्डासमोर उभं करायला हवं. फेब्रुवारीत, ओल्या बुटांनिशी, मागून दहा जण ढकलत असताना. मग त्याने सांगावं, खुली म्हणजे काय ते.

बोर्ड दाराच्या आत डाव्या हाताला आहे. त्याला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली ज्या बाईकडे असते ती बाई कधीही विचारा, 'आत्ताच इथे होती.' काचेमागे कागद टाचलेले. प्रत्येक न्यायाधीशाचा कागद वेगळा. नवा कागद जुन्यावरच टाचायची पद्धत, त्यामुळे परवाची तारीख आजच्या तारखेखालून डोकावत असते. अक्षरं मुंगीएवढी. वेळ, खोली, न्यायाधीश आणि माणसाचं आडनाव. माणसाच्या स्वतःच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर. खटला कशाचा आहे त्याचा पत्ताच नाही. बिश्केकमध्ये 'ए'वरून सुरू होणारी माणसं किती असतील, हे कागद छापणाऱ्याच्या कधी मनात आलं नसावं.

मी तिथे गेले होते ती सायरासाठी. आम्ही दोघी एकाच शिवणकारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर बसतो. ती ओव्हरलॉकवर, मी बाह्या जोडते. वयाने मी बरीच मोठी, म्हणून ती मला बातमा एजे म्हणते, एजे म्हणजे मोठी बहीण. तिचा मुलगा एलामान कोठडीत होता. टॅक्सी चालवायचा. डिसेंबरात बर्फावर गाडी घसरली आणि रस्त्याच्या कडेने चाललेला एक माणूस जागच्या जागी गेला. त्याला आता दोन महिने होत आले होते आणि तेवढ्या काळात सायराने पोराला एकदाही पाहिलं नव्हतं.

कोठडीच्या खिडकीवरची बाई नाव विचारायच्या आधी नात्याचा कागद मागायची. जन्मदाखला आणा, मग बोला. दाखला वर नारिनच्या बाजूला, सासरच्या गावी. सासूला फोन केला की ती म्हणायची, पाठवते गं. आणि मग गायीचं, बर्फाचं, सासऱ्यांच्या पायाचं सांगत बसायची. दाखला काही यायचा नाही. दाखला नाही म्हणून भेट नाही, भेट नाही म्हणून डबाही नाही. नवरा, कुबात, दूर येकातेरिनबर्गला बांधकामावर. तो तिथून फोनवर उसासे टाकायचा.

दाखला सासरी का, हेही सांगायला हवं. थोरला मुलगा आजी-आजोबांचा, ही आमच्याकडची जुनी रीत. एलामान झाला तेव्हा सायरा जेमतेम वीस वर्षांची होती. चाळिसावा दिवस झाला आणि सासूने बाळाला आपल्या कुशीत घेतलं. हिसकावून नव्हे, मेंढी कापून, भावकी बोलावून, हात पसरून आशीर्वाद देऊन. पुढे सायरा आणि कुबात कामासाठी शहरात आले आणि पोरगा तिकडे डोंगरात आजी-आजोबांना आई-बाप म्हणत वाढला. सख्ख्या आईला तो वहिनी म्हणायचा. मोठा झाल्यावर त्याला कुणीतरी खरं सांगितलं, पण तोंडात बसलेली हाक काही बदलली नाही. कारखान्यात सगळे समजतात की तो तिचा धाकटा दीर आहे. मला तिने एकदाच, चहात पाव बुडवता बुडवता सांगितलं होतं, "एजे, तो माझा आहे." त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नव्हतो.

त्याला सरकारकडून वकील मिळाला होता. तो फोन उचलायचा नाही. एकदा चुकून उचलला तेव्हा म्हणाला, कोठडी वाढवायची की नाही त्याची सुनावणी या आठवड्यात आहे. कधी, कुठे, ते यादीत बघा. यादी सर्वांसाठी खुली असते. आणि फोन ठेवला.

कोठडी वाढणार हे सायराला ठाऊक होतं. ती काही न्याय मागायला निघाली नव्हती. तिला एवढंच कळलं होतं की सुनावणीला कोणीही जाऊन बसू शकतं, तिथे दाखला लागत नाही. तो काचेच्या पिंजऱ्यात बसेल, ती बाकावर बसेल, आणि एकदा मान वर करून तो बघेल की आपलं कुणीतरी आलंय. तिची सगळी धडपड एवढ्यासाठी होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर यादी शोधायला घेतली. आधी न्यायालय निवडा. निवडलं. मग न्यायाधीश निवडा. आता न्यायाधीश कोण हे माहीत असतं तर मी यादी कशाला शोधली असती? रकाना रिकामा सोडला तर पान म्हणालं, काही सापडलं नाही. रशियनमध्ये शोधलं तर गेल्या महिन्याची यादी उघडली, किर्गिझमध्ये शोधलं तर पांढरं पान. माझा जावई कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, पान पुन्हा उघडा. पुन्हा उघडलं, पुन्हा पांढरं. माझा चहा गार झाला आणि सायरा माझ्या खांद्यावरून त्या पांढऱ्या पानाकडे अशी बघत होती की आत्ता तिथे पोराचा चेहरा उगवेल. मी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हटलं, उद्या सकाळी जाऊनच बघू.

मालकीणबाईंनी तोंड वाकडं करून सकाळची सुट्टी दिली. मंगळवारी आम्ही बोर्डासमोर उभ्या राहिलो. माझी नजर अजून धड आहे, म्हणून मी मोठ्याने वाचायचं आणि सायराने काचेवरून बोट फिरवत यायचं, असं ठरलं. शोधायचं होतं सादीरोव, तिच्या सासरचं आडनाव. इसायेवा ग., पेत्रेन्को व., जोरोबेक ऊलू न., तुर्दुमातोव स., अशिरबाय ऊलू ए. इथे तिने बोट उचललं, खाली बुटांकडे बघितलं आणि बोट पुन्हा टेकवलं ते दोन ओळी सोडून. मी वैतागले. म्हटलं, सायरा, मधली ओळ राहिली. ती म्हणाली, नाही राहिली, तुम्ही पुढे वाचा. मी पुढे वाचलं. शेवटपर्यंत सादीरोव नव्हता.

चौकशीच्या खिडकीत एक मुलगी नखं न्याहाळत बसली होती. आम्ही विचारण्याआधीच तिने सांगितलं, सगळं बोर्डावर आहे. बोर्डावर नाही म्हटल्यावर म्हणाली, मग नसेल. मी तिला विचारलं, माणूस कोठडीत आहे, त्याची सुनावणी आहे, वकील सांगतोय, मग बोर्डावर कसं नसेल? तिने खांदे उडवले. मग मी अर्धा तास तिच्याशी भांडले, तिच्या वरच्या बाईशी भांडले, आणि आणखी एक बाई आली तिच्याशीही भांडले. सायरा मागून माझी बाही ओढत होती. मला वाटत होतं, आपण काहीतरी करतोय.

बुधवारी सापडला. सादीरोव ए., खोली दोन, दहा वाजता. सायराने पिशवीतून चांगला रुमाल काढून डोक्याला बांधला, जुना आत कोंबला, मला विचारलं, बरी दिसते ना, रडल्यासारखी नाही ना दिसत? आम्ही पहिल्या बाकावर जाऊन बसलो. न्यायाधीश आल्या, कागद वाचले, आणि सादीरोव ए. उभा राहिला. साठीचा, टकला, पोट सुटलेला. त्याचं शेजाऱ्याशी कुंपणाच्या भिंतीवरून भांडण होतं. मधूनच उठून जायचं धाडस होईना, तेव्हा आम्ही तासभर ती भिंत ऐकत बसलो. ती किती लांब, कुणाच्या बाजूला किती कलली, तिच्यावर कुणाचं मांजर बसतं. बाहेर आल्यावर सायराने रुमाल सोडून घडी घातली आणि म्हणाली, त्या बिचाऱ्याची भिंत तरी राहू दे. मला हसू आलं आणि त्याचाच राग आला.

गुरुवारी दारावरचा पोलीस आम्हाला ओळखायला लागला होता. तरणा पोरगा, नाकाला थंडीने लाली. झडती घेता घेता म्हणाला, "एजे, आडनावाने काय शोधताय? आजकालच्या पोरांच्या पासपोर्टावर आडनाव कुठे असतं? बापाचं नाव बघा. अमक्या ऊलू तमका, अमक्याचा मुलगा तमका."

माझ्या डोक्यात हे आलं नाही म्हणून मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. बापाचं नाव कुबात. कुबात ऊलू ए. आम्ही पुन्हा सगळे कागद वाचले. एकही कुबात ऊलू नव्हता. मी काचेवर हात आपटला, तशी आतली टाचणी हलली आणि एक कागद तिरका झाला. पोलीस म्हणाला, एजे, काच फुटली तर तुमचंच नाव लागेल बोर्डावर.

मी सायराला म्हटलं, फोन लाव गावाला. पासपोर्टवर नेमकं काय लिहिलंय ते सासूला विचार. ती कासावीस झाली. सासूला असं तोंडावर कसं विचारायचं, त्यांना वाटेल हिशेब मागतेय. दोन महिने तिने असंच चालवलं होतं, पाठवते म्हणाल्या म्हणजे पाठवतील. माझा संयम संपला. मी तिच्या हातातून फोन घेतला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

म्हातारी फोनवर आली. मी कोण ते सांगितलं, तब्येत विचारली, गाय विचारली, आणि म्हटलं, आजी, एलामानच्या पासपोर्टवर नाव काय आहे?

"काय असणार? बापाचं आहे."

"म्हणजे कुबातचं ना?"

पलीकडे काही वेळ नुसतं शेगडीवरच्या किटलीचं सूं सूं ऐकू आलं.

"कुबात त्याचा थोरला भाऊ," म्हातारी म्हणाली. "एलामान आमचा मुलगा. आमच्याच नावावर लावलाय, लहानपणीच. मग पासपोर्ट काढताना म्हातारा म्हणाला, ते 'ओव' लावलेलं रशियन शेपटीचं आडनाव नको, माझंच नाव लावू दे माझ्या पोराला."

"बरं. मग तुमच्या म्हाताऱ्यांचं नाव काय?"

"त्यांचंच नाव."

"आजी, त्यांचं नाव काय आहे?"

"अगं, घरधन्याचं नाव कुणी घेतं का? पन्नास वर्षं संसार केला, आता तुझ्यासाठी घेऊ? सायराला विचार."

मी सायराकडे बघितलं. सायराने मान खाली घातली. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मी चुई खोऱ्यातली, शहराच्या वाऱ्यात वाढलेली, आमच्यात हे कधीच सुटलं; पण नारिनकडे अजून आहे. म्हणजे एका पोराचं नाव त्याच्या बापाच्या नावात अडकलेलं, आणि ते नाव माहीत असलेल्या दोन बायका, एक फोनमध्ये आणि एक माझ्यासमोर, दोघींच्याही जिभेला कुलूप. मी म्हटलं, आजी, म्हाताऱ्यांना द्या फोन. त्यांना ऐकू येत नाही म्हणे. शेजारी कुणी आहे का? शेजारी मेंढ्यांकडे गेलेत.

तेवढ्यात सायरा माझ्याजवळून निघून बोर्डाकडे गेली. तिथल्या माणसांना तिने कोपराने बाजूला सारलं. एरवी ती बसमध्येही कुणाला धक्का लागू देत नाही. बोट काचेवर टेकवलं आणि तसंच दाबून धरलं.

"एजे, इकडे या. हे वाचा."

मी वाचलं. अशिरबाय ऊलू ए., खोली चार, दोन वाजता.

"हे?"

तिने मान हलवली.

"अगं, हे मंगळवारीसुद्धा होतं. मी वाचलं होतं मोठ्याने."

"मी ऐकलं होतं. मला वाटलं, असेल कुणी त्या नावाचा." ती हळू आवाजात, बोट न काढता बोलत होती. "ते नाव मी वाचत नाही, एजे. लग्न झाल्यापासून वाचलं नाही. गावी गेलं की विजेच्या बिलावर असतं, तिथेही मी त्यावर अंगठा ठेवून ते झाकते. डोळे आपोआप पुढे जातात."

पोलीस मागे उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, हो, खोली चारमध्ये मंगळवारी अकराच्या सुमाराला आणला होता त्या पोराला. मागच्या दाराने आणतात. वकीलच आला नाही म्हणून गुरुवारची तारीख पडली. पाचएक मिनिटं बसवला आणि परत नेला. मग कुणी न विचारताच त्याने सांगून टाकलं, "सारखा दाराकडे बघत होता. आमच्यातला एक जण म्हणालाही, तुझं कुणी आलेलं दिसत नाही."

मंगळवारी अकराच्या सुमाराला मी खिडकीतल्या मुलीच्या वरच्या बाईशी भांडत होते. आमच्या डोक्यावर एक जिना चढून तो बसला होता. त्या बोर्डाचा, त्या वकिलाचा, सासूच्या किटलीचा, सायराच्या अंगठ्याचा, सगळ्यांचा एकदमच राग आला, आणि तो काढायला समोर फक्त सायरा होती. मी तिला काही बोलणार तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं.

"त्यांनी मला सांगितलं नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, वाढवायला दिला. नावाने कुबातचाच असेल. म्हणून दाखला पाठवत नव्हत्या. दाखल्यावर मी नाहीच."

मी म्हटलं, वर चल, दोन वाजायला वेळ आहे पण जागा मिळवू. ती जिना चढून गेली आणि चार नंबरच्या दारासमोर उभी राहिली. मी खालून भट्टीतले गरम सामसा, मटण भरलेले, आणले, तिने हातही लावला नाही. चहाला चल म्हटलं तर म्हणाली, तेवढ्यात आणतील. बसायलाही तयार नव्हती, कारण बाकावरून जिन्याचं मागचं टोक दिसत नाही. मी दोन्ही सामसा खाल्ले आणि पोटात दुखायला लागलं.

दोनाला थोडा वेळ असताना एक शिपाई हातात कागद घेऊन दारात येऊन उभा राहिला. जाडा, कंटाळलेला माणूस. म्हणाला, खोली लहान आहे, नातेवाईकच आत येतील. मी म्हटलं, दारावर तर खुली सुनावणी असं लिहिलंय. तो म्हणाला, खुलीच आहे, पण खुर्च्या सहा आहेत. मग सायराकडे हात पसरला. तिने पासपोर्ट दिला.

"कुणाच्या सुनावणीला?"

मी तोंड उघडलं. नाव सांगायला माझं काय जात होतं? पण त्याने माझ्यापुढे तळहात धरला. "तुम्हाला नाही विचारलं. पासपोर्ट यांचा आहे, यांनी सांगायचं."

कॉरिडॉरमध्ये दहा-बारा माणसं होती, कुणाचं लक्ष नव्हतं. सायराने हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले, शाळेत उभं करतात तसे, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "अशिरबाय ऊलू एलामान."

शिपायाने कागदावर बोट फिरवलं. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला. "नातं काय?"

त्याच्या कागदावर ओळी होत्या. वडील अमुक, आई अमुक, वय सत्तर, राहणार नारिन. मला बाजूला उभं राहूनही ते दिसत होतं. मला वाटलं, म्हण. एकदा तरी म्हण, फार तर काय होईल. नाव घेतलंस, तसं हेही घे.

"वहिनी," सायरा म्हणाली.

त्याने पासपोर्टवरचं सादीरोवा वाचलं, कागदावर भावाचं आडनाव बघितलं आणि मान हलवली. भावाची बायको, बरोबर, जा आत. मला मात्र त्याने खूप वेळ अडवून धरलं. शेवटी 'खुली सुनावणी' ही पाटी मी त्याला दुसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा वैतागून म्हणाला, जा, पण तोंड बंद ठेवायचं.

आत खरोखर सहाच खुर्च्या होत्या आणि त्यातल्या चार रिकाम्या होत्या.

एलामान काचेच्या पिंजऱ्यात बसला होता. डोकं भादरलेलं, कान मोठे दिसत होते. सायराला बघून तो उठायला गेला, बाजूच्या पोलिसाने खांद्यावर हात ठेवून बसवलं. मग तो तिच्याकडेच बघत राहिला. ती रडली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली आणि तिनेही त्याच्यावरून नजर काढली नाही. वकील आज आला होता, गळ्यात मफलर, सारखा घड्याळ बघत. सरकारी वकिलाने काही वाचलं, याने काही वाचलं. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीच्या घरचं कोण आलंय? शिपाई म्हणाला, वहिनी. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. कोठडी दोन महिन्यांनी वाढली. सगळं मिळून कुंपणाच्या भिंतीच्या निम्माही वेळ लागला नाही.

त्याला बाहेर काढलं तेव्हा वाट आमच्या खुर्च्यांवरूनच होती. पोलीस दोन्ही बाजूंना. तो तिच्यासमोर आला तसा एका क्षणापुरता रेंगाळला.

"वहिनी," तो म्हणाला, "आईला सांगा, मी बरा आहे. नीट जेवतो म्हणावं. काळजी करू नको म्हणावं."

"सांगते," सायरा म्हणाली.

त्याला पुढे ढकललं. दार लागलं. पावलं मागच्या जिन्याने उतरली आणि ती ऐकू येईनाशी होईपर्यंत सायरा तशीच उभी होती.

कॉरिडॉरमध्ये आल्यावर माझा बांध फुटला. मी म्हटलं, अगं, तू त्याची आई आहेस. दारात तरी म्हणायचं होतंस. त्या जाड्यासमोर, त्या न्यायाधीशासमोर, एकदा कुणीतरी लिहून घेतलं असतं. नाव घ्यायचं एवढं धाडस केलंस आणि तिथे कच खाल्लीस.

ती पिशवीत काहीतरी शोधत होती. मान वर न करता म्हणाली, "आई म्हटलं असतं तर आत सोडलं नसतं, एजे."

मग तिला फोन सापडला. खिडकीपाशी जाऊन तिने गावाला लावला. म्हातारीने लगेच उचलला असावा, कारण सायरा लगेच बोलायला लागली, रोज गायीची चौकशी करते त्याच आवाजात. सुनावणी झाली, दोन महिने वाढवले. मग म्हणाली, "आई, तुमच्या मुलाने निरोप दिलाय. तो बरा आहे, नीट जेवतो. काळजी करू नको म्हणाला."

पलीकडून म्हातारी खूप वेळ बोलत होती. माझ्यापर्यंत शब्द पोचत नव्हते, नुसता कापरा आवाज येत होता. सायरा खिडकीबाहेर बघत ऐकत होती. खाली मागच्या आवारात कोठडीची राखाडी गाडी वळत होती आणि ती नाहीशी होईपर्यंत तिचं लक्ष तिकडेच होतं.

"हो," ती शेवटी फोनमध्ये म्हणाली. "मी पाहिला त्याला."